मी बिघडलेली नाही

मी एक जुनी खुर्ची आहे. धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात दात काढून घ्यायला माणसं ज्या खुर्चीत पाठ टेकतात, ती. नीट सांगता येईल याची मला खात्री नाही. पण मित्रांनो, माझ्या नावावर एक खोटं खपवलं जातं, म्हणून बोलते.

कारखान्यातून आले तेव्हा माझं रेक्झिन हिरवंगार होतं. पेडल दाबलं की मी वर जाते. बावीस वर्षांत शाळकरी पोरं, केळीच्या गाड्या भरणारे हमाल, मिसरीने दात काळे झालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना उचललं. "खुर्ची मऊ आहे हो," असं लोक म्हणायचे. आता मला चिकटपट्ट्या लावल्या आहेत. त्याचं मला काही वाटत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. केसपेपरवर 'व्यसन' असा रकाना आहे. मिसरी, गुटखा चालतो. पण नशेच्या गोळ्या खायचो असं कोणी खरं सांगितलं, की कंपाउंडर रुपचंद म्हणतो, "खुर्ची बिघडलीय. पुढच्या आठवड्यात या."

भटू नावाचा एक पेशंट असा दोनदा परत गेला. त्याने आठ दिवस गोळी घेतली नव्हती. पण दाढ ठणकली की हात पुन्हा गोळीकडे वळू पाहायचा. तिसऱ्यांदा तो आईला, लिलाबाईला घेऊन आला.

"अक्का, खुर्ची बिघडलीय," रुपचंद म्हणाला.

"दखू दे, कशी खराब शे ती!" म्हातारी सरळ आत येऊन माझ्यावर बसली. "भटू, दाब रे!"

भटूने पेडल दाबलं. मी पूर्ण ताकदीने वर गेले.

"अरे, हाई ते इमान शे!" विमानात बसल्यासारखी लिलाबाई वरून ओरडली. बाहेरचा बाक हसला. डॉक्टर मिसबाह धावत आल्या.

"रुपचंदभाऊ, ही कधी बिघडली?"

"मॅडम, असल्यांना भूलसुद्धा लागत नाही. उगाच वेळ जातो."

"जाऊ दे. मला वेळ आहे."

पहिल्या सुईनंतर भटू म्हणाला, "अजून दुखतंय." रुपचंद पुटपुटला, "नाटकं!" नाटक नव्हतं. माझ्या हातांवर त्याची बोटं रुतली होती, मला ठाऊक आहे. मॅडमनी दुसरी सुई दिली, थांबल्या, मग दाढ काढली.

"मॅडम, गुंगीची गोळी नको," तो कापसाआडून म्हणाला.

"साधीच देते. आईंजवळ ठेवा."

दहा दिवसांनी तो जखम दाखवायला आला. मधल्या दिवसांतही त्याने नशेची गोळी घेतली नव्हती. पुढचं मला माहीत नाही, आणि ते विचारून मगच दाढ काढायची असा नियम मी मानत नाही.

मित्रांनो, वस्तूंनी शेवटी स्वतःची निगा राखायला सांगायचं असतं. माझी नाही राखलीत तरी चालेल. पण उद्या तुमच्यापैकी कोणी दवाखान्याच्या दारात केसपेपर लिहायला बसलं, तर खरं बोलणाऱ्याला परत पाठवू नका. त्याला आत पाठवा. मी उचलते.