सात नंबरचं यंत्र

यंत्र किंचाळलं आणि दारातली गर्दी एका पावलानं मागे सरली. पुढच्यांचे पाय मागच्यांच्या बोटांवर पडले.

"ऐकलंत?" मोकळेमहाराजांनी डोळे मिटूनच विचारलं. "मी नुसता जवळ उभा राहिलो, तर आतले पाचही जण ओरडले! अडकलेत बिचारे. मोकळं करा म्हणतायत. सहाव्याची जागाही धरून ठेवलीय त्यांनी."

सहावा म्हणजे पलंगावरचे अण्णा. त्यांच्या लेकीच्या, शिवणकाम करणाऱ्या ताईच्या, तोंडचं पाणी पळालं.

आतले पाच जण कोण, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. गावात एक सेवा क्लब होता. पाण्याची टाकी बांध, चष्मे वाट, अशी कामं तो करायचा. शिवाय ज्याच्या घरी आजारपण असेल त्याला पलंग, चाकाची खुर्ची, ऑक्सिजनचं यंत्र, काय लागेल ते फुकट वापरायला द्यायचा. अशी यंत्रं होती सात. त्यातलं सातवं ज्या पाच घरी गेलं, त्या पाचही घरचा माणूस गेल्यावरच परत आलं. सात नंबर माणूस घेऊन जातो, असं लोक म्हणू लागले. आणि तेच यंत्र तीन आठवडे ताईच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी घरघरत होतं. अण्णांनी चाळीस वर्षं लोकांच्या भिंती घासल्या आणि रंगवल्या, त्या धुळीनं छाती पार निकामी केली होती. आता यंत्राची नळी नाकात होती म्हणून श्वास होता.

महाराजांना बोलावलं होतं आत्यानं. भावासाठी तिचा जीव तुटत होता, तिला तरी काय बोलणार! नेमके त्याच दुपारी क्लबचे अध्यक्षही एका पाहुण्या बाईंना घेऊन आले. अध्यक्षांचं चपलांचं दुकान होतं. बाई क्लबच्या मुख्य कचेरीतून कामं बघायला आल्या होत्या, निवृत्त परिचारिका होत्या. टाकी बघून झाली होती, आता यंत्र बघायचं होतं.

"महाराज, पुन्हा ओरडेल का हो ते?" अध्यक्षांनी घसा खाकरत विचारलं. दुकानात गिऱ्हाइकाला बोलू न देणारा हा माणूस दाराच्या चौकटीला चिकटून उभा होता.

"ओरडेल म्हणजे? आता तर सुरुवात आहे!"

"मग घेऊनच जा तुम्ही. चाकाची खुर्ची नेलीत ना शांत करायला, तसंच. क्लबला उगाच बोल नको."

"तीही अजून पुरती शांत नाही झाली," महाराज गंभीरपणे म्हणाले. खुर्ची तीन महिने अशांत होती.

"आणि अण्णा?" ताईनं विचारलं. "नळी काढली तर..."

"ठेवलीस तर आज जातील. काढलीस तर मी बघून घेईन."

ताई अण्णांच्या नाकातल्या नळीकडे बघत राहिली. हा माणूस खरं बोलत असेल तर आपण बापाला मरणाच्या नळीला बांधून ठेवलंय. खोटं बोलत असेल आणि आपण नळी काढली, तर बापाला आपणच मारलं. कुणाला विचारायचं? आत्या रडत होती. अण्णांना बोलण्याइतका दम नव्हता, ते नुसते लेकीकडे बघत होते.

महाराज पलंगाशी सरकले आणि पुटपुटू लागले. पुटपुटणं लांबलं. अण्णांची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, ओठ निळसर झाले आणि यंत्र पुन्हा किंचाळलं. गर्दीतल्या कुणाची तरी बोबडी वळली.

ताई मात्र महाराजांच्या गुडघ्याकडे बघत होती. वीस वर्षं पायमशीन चालवलेली बाई ती. पाऊल कशावर तरी दाबून धरलं की गुडघा कसा दिसतो, हे तिला सांगायला नको होतं. ती म्हणाली,

"महाराज, डावा पाय उचला."

"काय?"

"पाय उचला!"

"अपवित्र बोलू नकोस! आतले खवळतील!"

"उचला की," पाहुण्या बाई गर्दी सारत पुढे आल्या. "पायालाही बाधा झालीय का?"

ताईनं वाट बघितली नाही. कपड्याचा घेर मोजायला रोज वाकायची तशी ती वाकली आणि महाराजांच्या झग्याची कड उचलली. पांढऱ्या मोज्यातल्या टाचेखाली ऑक्सिजनची नळी चपटी झाली होती. तिनं दोन्ही हातांनी तो पाय ढकलून दिला. यंत्र गप्प झालं.

महाराज पाय ओढून घेऊ लागले, पण बाईंनी घोटा धरून तळवा गर्दीला दाखवला. पांढऱ्या मोज्यावर दोन निळ्या रेघा. नळीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून ताईनंच तिच्या दोन्ही बाजूंना शिवणाच्या निळ्या खडूनं जमिनीवर रेघा आखल्या होत्या.

"नळी दाबली गेली की हे यंत्र भोंगा वाजवतं," बाई म्हणाल्या. "रोग्याला हवा मिळत नाही, धावा, म्हणून. पुस्तिकेत लिहिलंय. अध्यक्ष, वाचली होतीत?"

"परक्या भाषेत होती ती," अध्यक्ष पुटपुटले. "पण पाच माणसं गेली त्याचं काय?"

"हे यंत्र तुम्ही कुणाला देता?"

"जो सगळ्यात अत्यवस्थ त्याला. सातातलं हेच दमदार आहे."

"मग?"

"म्हणजे ती पाच माणसं आधीच शेवटाला आलेली होती," अध्यक्ष म्हणाले. दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात महाराजांनी काढता पाय घेतला, पण गल्लीच्या तोंडाशी लोकांनी त्यांना अडवलं. त्यांच्या मठात क्लबची खुर्ची सापडली. भाड्यानं जात होती.

अण्णांचे ओठ हळूहळू पूर्ववत झाले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "माझा श्वास त्याच्या टाचेखाली होता, पोरी." ताई त्यांच्या उशाशी बसून ओक्साबोक्शी रडली. आत्या कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती, तिलाही तिनं जवळ ओढलं.

आठ महिन्यांनी अण्णा गेले, झोपेत, लेकीचा हात हातात घेऊन. यंत्र पुसून, नवं कापडी आवरण शिवून ताई ते स्वतः क्लबात द्यायला गेली. तिथं एक बाई नवऱ्यासाठी यंत्र न्यायला आली होती. सात आकडा पाहून ती मागे सरली.

"तुमचे वडील याच यंत्रावर गेले ना?"

"याच यंत्रावर आठ महिने जगले," ताई म्हणाली. मग तिनं आवरणावर स्वतः दोऱ्यानं भरलेली अक्षरं त्या बाईला वाचून दाखवली.

'मी ओरडलो तर हात जोडू नका. आधी नळी बघा.'