पोटावरची दहा मिनिटं

मी शेकायची पिशवी बोलतेय. तपकिरी रबराची, मानेला बूच असलेली. पाणी भरलं की फुगते, रिकामी झाले की लोळागोळा होते. माझं ऐकून कुणाचं भलं होईल असं मला वाटत नाही. पण खिळ्याला लटकून दुसरं करणार काय?

जन्म कारखान्यातला. साच्यातून काढलं, पाणी भरून गळते का पाहिलं, खोक्यात कोंबलं. आईबाप नाहीत, म्हणून तक्रारही नाही. शाळेत नोकरी लागलेल्या एका सिस्टरने मला विकत घेतलं. तिच्या सासूबाईंनी मला लोकरीचं झबलं विणलं. "सूनबाई, पहिलं नातवंड रबराचंच नशिबी होतं म्हणायचं," म्हणाल्या. झबलं एका बाजूला आखूड झालं, ते तसंच राहिलं.

अकरा वर्षं आम्ही लहान मुलांच्या शाळेत काढली. पहिली ते चौथी. खोलीत एक खाट, एक वजनकाटा, औषधांचं कपाट आणि भिंतीवर उंची मोजायची पट्टी. या वयाच्या मुलांना काहीही झालं तरी पोटच दुखतं. कान ठणकला, पोट. मैत्रिणीने कट्टी घेतली, पोट. गृहपाठ घरी राहिला, तर फारच पोट.

सिस्टरची एक पद्धत होती. मुलाला आडवं करायचं, मला पोटावर ठेवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात दुखणं पळालं तर ते वर्गातलं दुखणं. नाही पळालं तर घरी फोन. मला ठेवताना ती म्हणायची, "शहाण्या मुलांना दहा मिनिटांत बरं वाटतं." आणि वाटायचंही. सगळे म्हणायचे, सिस्टरच्या हाताला गुण आहे. माझं नाव कुणी घेत नसे, पण मीही चढून गेले होते.

मागच्या वर्षी दुसरीतली एक मुलगी आली. तिला सगळे चिमणी म्हणायचे. पोट दुखतंय, एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिसरीच्या अख्ख्या वर्गाची वजनं चालली होती, खोलीत नुसता गलका. दहा मिनिटं झाल्यावर सिस्टरने काट्यापाशी उभ्या उभ्याच विचारलं, "बरं वाटतंय ना गं?" चिमणी म्हणाली, "हो." बूट घातले आणि वर्गात गेली. संध्याकाळी तिचं अपेंडिक्स फुटलं.

वाचली. सतरा दिवस दवाखान्यात होती. तिचे वडील दप्तर न्यायला आले तेव्हा ओरडले नाहीत. "पोरगीच हो म्हणाली, तुम्ही तरी काय करणार," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौकशी अर्ध्या तासात आटोपली, ठपका कुणावरच आला नाही.

त्यानंतर सिस्टर रडली वगैरे नाही. वेळेवर यायची, नोंदी नीट लिहायची. मला मात्र पुन्हा भरलं नाही. कुणाचं पोट दुखलं की सरळ घरी फोन. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. महिनाभरात पालक वैतागले. पर्समध्ये डब्याशेजारी घालून मला मात्र ती रोज घरी न्यायची आणि परत आणायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग आमच्याच संस्थेच्या हायस्कूलची सिस्टर निवृत्त झाली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हिला बोलावून सांगितलं, "ती जागा हवी तर तुमची. नको तर इथेच राहा. शुक्रवारपर्यंत सांगा."

घरी सगळ्यांना मत होतं.

"मोठी मुलं बरी," नवरा म्हणाला. तो बस चालवतो, सगळ्या वयांची मुलं त्याच्या रोजच्या बघण्यातली. "कुठे दुखतंय ते नीट सांगतात तरी."

"सांगतात कसली, लपवतात," सासूबाई म्हणाल्या. "मोडलेलं बोट आठ दिवस खिशात घालून कोण फिरत होतं रे?"

नवऱ्याने सिस्टरला विचारलं, "तुला काय वाटतं पण?"

"काहीच वाटत नाही. तेच तर," ती म्हणाली आणि भांडी विसळायला उठली.

गुरुवारी ती मला घेऊन हायस्कूल बघायला गेली, दिवसभर तिथल्या सिस्टरच्या खोलीत बसली. सासूबाईंचंच खरं होतं. लहानांचं सगळं पोटात, तर मोठ्यांचं सगळं 'काही नाही'त.

"काय होतंय?"

"काही नाही."

"मग आलास कशाला?"

"सरांनी पाठवलं."

त्याला चांगला ताप होता. एक मुलगी सकाळपासून अन्नाला शिवली नव्हती. एकेक शब्द काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. जाताना एकानेही तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी तिने दोन अर्ज लिहून आणले. एक राहण्याचा, एक जाण्याचा. ते टेबलावर असतानाच मधल्या सुट्टीत चिमणी आली, टाक्यांची खूण दाखवायला. सिस्टरने खूण बघितली. मग विचारलं, "त्या दिवशी तुला खरंच बरं वाटलं होतं का गं?"

चिमणीने मान हलवली. नाही.

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही मला शहाणी म्हणता ना, म्हणून."

"दुखत होतं?"

"खूप," चिमणी म्हणाली आणि खेळायला पळाली.

सिस्टर खाटेच्या कडेवर बसून राहिली. आता रडेल असं मला वाटलं. रडली नाही. घंटा झाल्यावर मोठ्या बाई आल्या, तेव्हा तिने जाण्याचा अर्ज पुढे केला.

"अहो, इथल्या मुलांचा किती जीव आहे तुमच्यावर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणूनच जाते," ती म्हणाली. "माझं मन राखायला कुणी बरं वाटून घ्यायला नको. तिथे मी कुणाची लाडकी नसेन."

मला तिने खिळ्याला अडकवलं, झबलं सारखं केलं आणि गेली. मला वाईट वाटलं. रबराला वाटत नाही म्हणतात, तर म्हणोत.

आता नवी सिस्टर आलीय. वयाने लहान आहे, पाणी फार कडक भरते. तिच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. चौकशीत ती मला कुणी विचारली नाही. आमची सिस्टर मला कोमटच भरायची, दहा मिनिटांत माझं पाणी निवायला लागायचं. त्या दिवशी निवलं नाही. चिमणीचं पोट माझ्याइतकंच तापलं होतं, आणि मला ते कळलं होतं. सिस्टरने मला हातात घेतलं असतं तर तिलाही कळलं असतं. पण मला चिमणीनेच उचललं आणि कुणाला त्रास नको म्हणून नीट उशाशी ठेवलं.

बाई, मुलाला विचारायचं ते विचारा. पण पोटावरून मला उचलायला तुम्ही स्वतः या.