पंधरावा दिवस

राज्यपालांनी पेनाला टोपण लावलं आणि विधेयकाची फाईल टेबलाच्या पार पलीकडे सरकवली.

"नाही करत सही. घेऊन जा."

सचिवांनी ती उचलली नाही. गेले चौदा दिवस ते रोज फाईल आणत होते आणि रोज तशीच परत नेत होते. जुनं सरकारी रुग्णालय पाडून ती जागा बांधकाम कंपनीच्या घशात घालायची, एवढंच त्या विधेयकात होतं. उरलेली चाळीस पानं नुसता शब्दांचा फुलोरा. त्याच रुग्णालयासाठी राज्यपाल तेविसाव्या वर्षी उपोषणाला बसले होते. पुढे आमदारकी, मंत्रिपद, दोनदा बदललेला पक्ष, एकदा सपशेल पराभव आणि शेवटी हा बंगला. इथं सलाम सगळे ठोकतात, ऐकत कोणी नाही. एवढ्या कारकिर्दीत धड उभं राहिलेलं काम तेवढं एकच, आणि आता तेही जायला निघालं होतं.

"साहेब, पाच वाजता मुदत संपते," सचिव म्हणाले.

"संपू दे. मी हटणार नाही."

"मुदत संपली की सही झाली असंच धरतात."

"कोण धरतं?"

"कायदा. कलम नऊ."

"कुठल्या गाढवानं घातलं हे कलम?"

सचिवांनी नजर खाली केली.

"आपणच, साहेब. कायदेमंत्री असताना. तेव्हाचे राज्यपाल फाईल दाबून बसले होते."

त्यांना आठवलं. म्हाताऱ्यानं आठ महिने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्याची कशी जिरवली, हे ते नंतर कित्येक वर्षं रंगवून सांगत असत.

"मग आता परत पाठवा विधेयक. फेरविचारासाठी."

"ते पहिल्या सात दिवसांत करता आलं असतं. मी टिपण ठेवलं होतं."

"कुठं?"

"फाईलमध्येच."

फाईल उघडायचीसुद्धा नाही, असं राज्यपालांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तत्त्व म्हणून.

"तोंडानं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला.

"तोंड उघडलं की आपण हात वर करून थांबवायचात, साहेब."

राज्यपाल ताडकन उठले. कोणावर ओरडावं, तेच त्यांना कळेना. पाचला दहा मिनिटं होती. ते तरातरा शेजारच्या खोलीत गेले.

तिथं त्यांची थोरली बहीण फोनवर बोलत होती. तीस वर्षं तिनं त्या रुग्णालयात नर्स म्हणून काढली होती. त्यांनी दुसऱ्यांदा पक्ष बदलला तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. आज सकाळी मात्र कोणी न बोलावता आली होती.

"ताई, जरा ऐक."

"तूच ये इकडे, बाळ्या." तिनं फोनवर तळहात ठेवला. "आमच्या वॉर्डातल्या पोरी आहेत. मी सांगतेय की माझा भाऊ ठाम राहिला, पण विश्वासच बसत नाही मेल्यांचा. आता तूच सांग."

तिचे डोळे भरून आले होते. तिनं फोन त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातानं त्यांची पाठ थोपटली. असं तिनं किती वर्षांत केलं नव्हतं.

"साहेब," पलीकडून कोणीतरी विचारलं, "खरंच नाही केली सही?"

त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"नाही केली," ते म्हणाले.

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.