शून्यावर आणलेला खवीस

कृष्णातच्या पाठीवर सतरावा फटका बसला. लोक मोजत होते, मोठ्यानं मोजत होते. नावड्यातल्या त्या शेडमागे दीडेकशे माणसं जमली होती, मोबाइल डोक्यावर धरून आणि एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून. मधोमध खांबाला बांधलेला कृष्णात होता आणि त्याच्यामागे भिजवलेला दोर घेऊन गगनबाबा.

"बोल! कोन हाईस तू?"

"कृष्णात! कृष्णातच हाय की महाराज!"

"खोटं बोलतो खवीस!" दोर पुन्हा सणाणला.

"अठरा!" लोक ओरडले.

या शेडमागे जमिनीखाली कापड रंगवल्यानंतरच्या सांडपाण्याची टाकी आहे. आठ दिवसांपूर्वी कृष्णात तिच्यातला गाळ काढायला शिडीवरून उतरला आणि चौथ्या पायरीवरच बेशुद्ध झाला. दोरानं ओढून त्याला वर काढलं. तेव्हापासून त्याचं डोकं ठणकायचं, बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा. शेडचे मालक दिनानाथशेठ यांनी डॉक्टरकडे न्यायचं सोडून बाबांना बोलावलं. टाकीत खवीस आहे आणि तो कृष्णातच्या अंगात शिरलाय, असं निदान झालं.

मी आले होते मीटर न्यायला. रसायनशास्त्रात पदवी घेतल्यापासून मी तुर्भ्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत विषारी वायूंचे मीटर तपासते. या शेडच्या मीटरची तपासणी चौदा महिने राहिली होती. तो मला दिसला टाकीच्या तोंडाशी, झेंडूच्या हारात आणि गुलालानं माखलेला.

"डिवचा त्याला!" बाबांनी हुकूम सोडला. दोन चेल्यांनी लांब बांबूनं टाकीतला गाळ ढवळला. सडक्या अंड्यांचा भपकारा वर आला आणि मीटर लाल दिवे मिचकावत किंचाळू लागला.

"ऐका, खवीस रडतोय! सायन्सवाले याला गॅस म्हनतात. अरे, गॅस तुमच्या पोटात होतो! हे व्हायब्रेशन हाय, व्हायब्रेशन! अमेरिकेत मशीन लावून शोधतात, हितं आमच्या मुठीत हाय!"

लोकांनी हात जोडले.

बाबा टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसले. मीटर मुठीत, अंगठा एका बटणावर घट्ट. "दहा, हूं! नऊ, फट्! आठ, हूं!" मंत्र उलटे का मोजतायत, हे मला कळेना. एकापाशी आले आणि मीटर गप्प झाला. त्यांनी पडदा सगळ्यांना दाखवला. शून्य.

"गिळला! खवीस गिळला!" जयजयकारानं शेडचे पत्रे थरथरले.

"वासबी गेला की रे!" पुढचा एकजण म्हणाला. तो अर्धा तास तिथं हुंगत उभा होता. हा वायू आधी नाकच बधिर करतो.

"सोडा याला," बाबा म्हणाले. "आता हाच आत उतरंल. पहिली बादली यानंच वर आनायची. भक्तीचा पुरावा!"

कृष्णातची बायको मोनाली धावत आली. "नगा ओ! मागल्या येळंला मरता मरता वाचल्यात!" एका चेल्यानं तिच्या पोटात लाथ घातली. दुसऱ्यानं कृष्णातच्या कमरेला दोर बांधायला घेतला. मी पिशवीतून माझा मीटर काढला आणि टाकीपाशी गेले. तो लगेच ओरडला. अठरा. म्हणजे दहा लाख भाग हवेत विषारी वायूचे अठरा भाग, तेही नुसत्या तोंडाशी. खाली गाळ हलला की हेच शेकड्यांत जातं आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो.

"आत कुणी उतरू नका! शून्य खोटं आहे!"

"ए, कोन ही?" बाबांनी वळून थेट माझ्या तोंडावर दोर मारला. ओठ फाटला. मी टाकीबाहेर सांडलेल्या गाळात पडले. "खवीस हिच्या मीटरात घुसला! बघा, बघा!"

"घुसला रे घुसला!" लोक हसले. कुणीतरी दगड मारला, तो खांद्यावर लागला.

तेवढ्यात दुर्गाबाई पुढे आली. गावात मासळी विकणारी, साठीची, बाबांच्या आरतीत सगळ्यांत पुढे असणारी. "थांबा रं! दोन काटं दोन वजना सांगतान, तं भांडून काय व्हनार? खरा माप टाका नं पारड्यान! पोरी, तुज्याकडं माप हाय?"

होतं. माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटलीएवढं सिलिंडर होतं. त्यातल्या हवेत याच वायूचे बरोब्बर पंचवीस भाग असतात, तसा दाखला असतो. मीटरला ओळखीचा वायू द्यायचा आणि तो किती सांगतो ते बघायचं. आमचं रोजचं काम एवढंच.

"आमचा मीटर पवित्र हाय, बाईमानसानं शिवायचा नाय," बाबा म्हणाले.

"मी तुजी आरती केली तवा बाईमानूस नव्हती काय रं?" दुर्गाबाईनं त्यांचं मनगट पिरगाळून मीटर हिसकावला. चेला अंगावर आला, तर त्याच्या कानशिलात अशी बसली की तो बांबूसकट आडवा झाला.

टाकीपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला गेलो. आधी माझ्या मीटरला नळी लावली. मिनिटभरात आकडा आला, पंचवीस. मग बाबांच्या मीटरला, तेच सिलिंडर, तीच नळी.

"कती?" दुर्गाबाईनं विचारलं.

"सात."

"अठरा खल्लं कोनी?"

"बाबांच्या अंगठ्यानं. हे बटण दाबून धरलं की मीटर दहापासून उलटं मोजतो आणि समोर जी हवा असेल तिला शून्य समजतो. ते मोकळ्या हवेत दाबायचं असतं. यांनी विषाच्या तोंडाशी दाबलं. मीटर अठराला शून्य समजून बसला."

दुर्गाबाई वळून गर्दीवर ओरडली, "अरं, पारड्यान मासली ठेवून शून्याचा बटन दाबला यानं! पारडा भरलेला, नि काटा बोलतो कायच नाय!"

हे सगळ्यांना कळलं. रोज काट्यापुढे उभी राहणारी माणसं ती. बाबा पळायला निघाले, पण दीडशे माणसांतून वाट कुठली? लाथा, बुक्के, चपला. तोच भिजलेला दोर त्यांच्याच पाठीवर सणाणला आणि लोक पुन्हा मोजू लागले. "नामा हाय मी, नामा!" ते रडत ओरडले. "कंपनीत मीटर सांभाळायचो! शेठनंच बोलावला, टाकी लवकर साफ व्हावी म्हनून!" कडेला उभे असलेले दिनानाथशेठ गाडीकडे धावले. गाडीची काच फुटली.

"टाका याला आत! खवीसाला भेटू दे!" चौघांनी नामाला उचललं. डोकं खाली, टाकीच्या दिशेनं.

मी ओरडत होते की तो मरेल, त्याला काढायला जो उतरेल तोही मरेल. कुणी ऐकेना.

कृष्णात उठला. पाठीवरून रक्त ओघळत होतं. तो धडपडत आला आणि टाकीचं झाकण ओढून त्यावर बसला. नामासाठी उगारलेली एक बुक्की त्याच्या नाकावर बसली, तरी हलला नाही.

"आत कुनीच जायाचं न्हाई," तो म्हणाला. "ह्यो बी न्हाई."

चौघांचे हात सैल पडले. नामा धपकन जमिनीवर पडला.

पोलिसांनी नामाला आणि शेठला नेलं. टाकी नंतर गाळ शोषून घेणाऱ्या गाडीनं बाहेरूनच रिकामी केली. कुणालाही उतरावं लागलं नाही. कृष्णातच्या डोक्याचं दुखणं त्या वायूचंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते औषधानं उतरतंय. पाठीचे वळ मात्र राहतील.

मीटर मंत्र ऐकत नाही, पण चुकू शकतो. म्हणून कामावर जाण्याआधी त्याला रोज ओळखीचा वायू देऊन बघा, आणि शून्य फक्त मोकळ्या हवेत करा. माणसांनाही हाच नियम लावा. जो आपला चमत्कार तपासू देत नाही, त्याच्या शब्दावर स्वतः उतरू नका, आणि दुसऱ्याला तर मुळीच उतरवू नका.