गॅसच्या विहिरीतला संशयी बिट

मी बिट बोलतोय. गॅसची विहीर खोदताना नळांच्या माळेच्या अगदी शेवटी जो पोलादी गड्डा फिरतो ना, तो मी. दात कृत्रिम हिऱ्यांचे, स्वभाव संशयी. अंधारात दगड चावून जगणाऱ्याने भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

कारखान्यात मला पुसून खोक्यात ठेवताना एकजण म्हणाला, "हा पठ्ठ्या नाव काढणार!" मी तेव्हाच चपापलो. माणसं गोड बोलली की समजावं, काहीतरी अवघड गळ्यात पडणार.

तिर्नावा नदीकाठच्या टेकडीवर मी कोर्नेलच्या हाती आलो. खोदाईचं यंत्र तो चालवायचा. हात तरबेज, तोंड फटकळ. शनिवारी त्याच्या मुलीचं, इलिन्काचं लग्न होतं आणि शुक्रवारी सकाळपासून गडी निम्मा मांडवातच होता. माझ्या पाठीमागे नळात एक मोजयंत्र बसवलेलं. खालच्या खबरा ते वर धाडायचं. मला तर ते चुगलखोरच वाटायचं.

दुपारी दगड एकाएकी मऊ लागला. लोण्यात सुरी जावी तसा मी खाली निघालो.

"अरे वा! काय बिट आहे!" वरून कोर्नेल ओरडला. "असाच चालला तर आजच आटपतंय बघ."

कसलं काय! मी तोच, माझे दात तेच. बदलला होता तो दगड. त्यात वायू दडून बसला होता आणि वर जायची त्याला भारी घाई होती. पण मला तोंड आहे ते फक्त चावायला.

खोदताना पंपाने विहिरीत सोडलेला चिखल परत वर येतो, त्यावर आणि मोजयंत्राच्या आकड्यांवर नजर ठेवणारी स्मारांडा धावत आली.

"काका, थांबवा. पंप बंद करून बघू या."

"का गं? बिट चांगला निघाला, ते बघवत नाही होय?"

"एवढं चांगलं कुणी नसतं, काका."

"तुला तर लग्नाच्या केकमध्येसुद्धा गॅस दिसेल! उगाच माझा वेळ खाऊ नकोस."

"मग उद्या इलिन्काबरोबर कोण नाचणार? तुमचा फोटो?"

 शिव्या घालतच कोर्नेलने मला थोडं वर उचललं आणि पंप बंद केले. पंप थांबले की वर येणारा चिखलही थांबायला हवा. तो थांबला नाही. खालून वायू रेटत होता, तो उसळत वर येतच राहिला.

"विहिरीचं तोंड बंद करा!" कोर्नेलचा आवाज चिरकला. लोखंडी जबडे नळाभोवती करकचून मिटले. खोटं कशाला सांगू, खाली मी पार घाबरलो होतो. वर जिवंत माणसं होती आणि एक ठिणगी पुरली असती. जड चिखल आत दाबून त्यांनी त्या वायूला कसंबसं आवरलं.

आता दात झिजवून मी शेडमागे पडलोय. लग्न उरकून कोर्नेल आला तो कोटावरच्या फुलासकट. सोबत लग्नातला गोड पाव. तो स्मारांडाच्या हातात देताना त्याचे डोळे भरून आले.

"पोरी, पुढच्या वेळी मी कितीही ओरडलो तरी ऐकू नकोस माझं."

"पुढच्या वेळी मी नसणार, काका. सोमवारपासून माझी बदली झालीय."

 कोर्नेलच्या मागे माझ्या जागी जाणारा नवा बिट खोक्यातून निघत होता.

बाबांनो, तो भरभर खाली निघाला तर टाळ्या पिटू नका. आधी पंप बंद करा.