सूर्याच्या आड आलेलं छप्पर

मी एक छप्पर बोलतोय. पत्र्याचं, आठ फूट लांब, सात फूट रुंद, आणि खाली चार लोखंडी चाकं. छपराला चाकं कशाला, असं तुम्ही विचारणारच. सगळे विचारतात. बाकीची छपरं एकदा घरावर बसली की जन्मभर हलत नाहीत आणि त्याचाच त्यांना केवढा तोरा! माझं काम उलटं. सूर्य बघायचा असला की मी मुकाट्यानं बाजूला व्हायचं.

माझे पत्रे मूळचे सियालदहच्या एका बटाट्याच्या वखारीवरचे. वखार पाडली तेव्हा आम्ही हावड्याला विनायकरावांच्या लहानशा कारखान्यात येऊन पडलो. विनायकरावांचं घराणं आजोबांपासून कलकत्त्यात. मराठी बोलता बोलता ते बंगालीत शिरायचे आणि परत यायचं विसरायचे. १९६९च्या डिसेंबरात त्यांच्याकडे वृंदाबाई देवस्थळी आल्या. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी माझं चित्र काढून आणलं होतं.

"वहिनी, लोक माझ्याकडे छप्पर बसवून घ्यायला येतात," विनायकराव म्हणाले. "सरकवायला आलेल्या तुम्हीच पहिल्या."

"भावजी, मला सूर्याचे फोटो काढायचेत. दुर्बीण रोज खोलीतून गच्चीवर नेली की तिचा नेम बिघडतो. ती एका जागी पक्की हवी. आणि पावसात भिजायलाही नको."

"सूर्याचे फोटो? एक काढला की झालं! तो काय रोज बदलतो?"

"रोज बदलतो. त्याच्यावर डाग येतात, सरकतात, जातात. तुम्ही कधी बघितलं नाहीत एवढंच."

विनायकरावांनी त्या दिवशी हातातलं काम टाकून माझी चौकट जोडायला घेतली. आठवड्याभरानं मी हातगाडीवर आडवा पडून हावड्याचा पूल ओलांडला आणि भवानीपूरला तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर पोचलो.

आता वृंदाबाईंविषयी सांगतो. त्यांचे यजमान रघुनाथराव केंद्र सरकारच्या ऑडिटमध्ये, म्हणजे दर तीन वर्षांनी बदली. पुण्याला वृंदाबाईंनी एम.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं आणि बदली आली. भोपाळला शाळेत नोकरी धरली, प्रयोगशाळा लावायला घेतली, बदली आली. जबलपूरला मुलींसाठी विज्ञान मंडळ काढलं. तिसऱ्या बैठकीच्या आधी सामान बांधलं. दर वेळी पलंग, कपाटं, पाटा-वरवंटा वॅगनमध्ये चढायचे आणि बाईंचं अर्धं काम फलाटावर राहायचं. त्या हे हसत सांगायच्या. मी मात्र त्यांच्या डोक्यावर असायचो, त्या एकट्या असताना हसत नव्हत्या हे मला ठाऊक आहे.

रघुनाथराव मनानं फार चांगला माणूस. बदल्या त्यांच्या हातात नव्हत्या, पण अपराध्यासारखे वागायचे. दुर्बिणीखालच्या खांबाच्या विटा त्यांनी स्वतः जिन्यानं वाहिल्या. ऑडिटच्या साहेबांच्या सदऱ्यावर विटकर बघून गल्ली हसली.

खरी अडचण घरमालकिणीची होती. विभावती घोषाल, सगळे त्यांना माशीमा म्हणत, म्हणजे मावशी. थंडीत त्या गच्चीवर डाळ वाटून बोडी घालायच्या, आपले सांडगेच म्हणा ना. उन्हाळ्यात आमसत्त, म्हणजे आंब्याच्या पोळ्या. गच्चीची उत्तर बाजू त्यांची.

"शोनो बौमा," त्यांनी वृंदाबाईंना बजावलं, "ऐक नीट, सूनबाई. तुला सूर्य हवा, मलाही हवा. तुझं हे टीन उत्तरेला एक बोटही यायचं नाही. आणि सकाळच्या उन्हात माझ्या ताटांवर सावली पडली, तर टीनही खाली आणि तूही खाली."

पूर्वेला सरकलो तर सकाळच्या सूर्याच्याच आड, दक्षिणेला जिना, मग उरली पश्चिम. माझे रूळ पश्चिमेला टाकले. मी तिकडे सरकलो की सकाळची माझी सावली गच्चीच्या कठड्यापलीकडे पडायची. माशीमा खूश, बाई खूश. घरची कामं उरकून बाई सूर्य बघायच्या तो सकाळीच. दुर्बिणीच्या मागे पांढरा कागद धरायचा, त्यावर बशीएवढा सूर्य उतरायचा. तसा कागदावर उतरवूनच बघायचा, थेट बघितलं तर डोळा कायमचा जातो. पुढे त्यांनी कागदावरच्या सूर्यावर रोखून जुना कॅमेरा बसवला, न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून तिथे फोटो धुवू लागल्या. जानेवारीत सूर्याच्या डागांचा पहिला स्वच्छ फोटो निघाला तेव्हा त्यांनी माझ्या पत्र्यावर थाप मारली होती. अजून आठवते.

एप्रिलमध्ये रघुनाथराव ऑफिसातून आले ते तडक गच्चीवर. हातात लिफाफा. न सांगताच बाईंना कळलं.

"कुठे?"

"नागपूर. बारा मेची गाडी."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नऊ मेला बुध सूर्यासमोरून जाणार आहे. सकाळी पावणेदहानंतर शिरणार, संध्याकाळी पावणेसहाच्या आत बाहेर पडणार. कलकत्त्यातून पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसणार. अहो, मला एवढं एक पुरं करू द्या. आत्तापर्यंत माझं काहीही पुरं झालेलं नाही."

"मी नऊ तारखेला खांबाशी उभा राहीन," रघुनाथराव म्हणाले. "गाडी बाराला आहे."

नऊ मे. दुसरा शनिवार, सुट्टी. कलकत्त्याच्या महाराष्ट्र मंडळातली माणसं बघायला आली होती, विनायकराव तर पेढे घेऊनच आले होते. बाईंकडे फिल्मची दोन रिळं, चोवीस फोटो. एकवीस दिवसभरासाठी, तीन शेवटच्या तीन मिनिटांसाठी राखलेले. रघुनाथराव आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावलेलं घड्याळ घेऊन उभे. मी पश्चिमेला सरकून ऐटीत बसलो. पावणेदहा उलटून पाच-सात मिनिटं झाली आणि कागदावरच्या सूर्याच्या कडेला खसखशीचा एक काळा दाणा चिकटला.

"आला!" बाई ओरडल्या, आणि कॅमेरा खटकला.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत. माशीमासुद्धा येऊन कागदावर बघून गेल्या. "एवढासाच?" म्हणाल्या, पण तासाभरानं तो कुठवर सरकला ते बघायला परत आल्या.

सव्वाचार झाले. कागदावरचा सूर्य एका बाजूनं खरडल्यासारखा दिसू लागला. बाईंना वाटलं ढग. त्यांनी मान वर केली आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

ढग कसला, मीच होतो तो. सूर्य पश्चिमेला उतरत होता आणि मी त्याच्या वाटेत बसलो होतो. सगळ्यांनी मिळून सकाळचा विचार केला होता, बोडीचा केला होता, पावसाचा केला होता. संध्याकाळचा कुणीच केला नव्हता. ज्याचं काम बाजूला होणं, तोच नेमका आड! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत अंगावर ओढून घेऊ," कुणीतरी म्हणालं.

"मग दुर्बीणच झाकली जाईल," बाई म्हणाल्या. "पूर्वेला रूळच नाहीत. दुर्बीण खांबावरून काढून पुन्हा नेम लावायला दोन तास जातील." त्या मटकन खाली बसल्या. "म्हटलं ना, माझं काही पुरं व्हायचंच नाही."

विनायकराव वाकून माझी चाकं बघत होते. "वहिनी, मीच जोडलंय, मीच सोडवतो. रुळावरून उचलून उत्तरेला ठेवू."

सगळ्यांच्या माना उत्तरेकडे वळल्या. तिथे आमसत्ताची नऊ ताटं उन्हात मांडलेली होती, आणि त्यांच्याशेजारी माशीमा उभ्या होत्या. त्यातच वायव्येला काळं आभाळ चढू लागलं होतं. कालबैशाखीचं वादळ आलं तर ते इथे पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं करतं. मला काढून ठेवलं आणि पाऊस कोसळला, तर दुर्बिणीवर पांघरायला काही उरणार नव्हतं.

"बौमा," माशीमा म्हणाल्या, "माझं आमसत्त उद्याही वाळेल. तुझा तो दाणा उद्या आहे का?"

"नाही, माशीमा."

"मग बसलीस काय? ताटं धर!"

आणि त्यांनी स्वतःच पहिलं ताट उचललं.

तीन पुरुष आणि पाच बायका माझ्याभोवती जमल्या. पदर खोचले गेले. विनायकरावांनी खिळी काढली, कुणी मराठीत, कुणी बंगालीत जोर लावला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रुळांवरून सुटून हवेत उचलला गेलो. उत्तरेला आपटलो तेव्हा एक कोपरा चेमटला. त्याचं मला काही नाही. दुर्बिणीवर लख्ख ऊन पडलं होतं. बाईंनी कागद धरला. खसखशीचा दाणा अजून होता, फक्त दुसऱ्या कडेकडे निघाला होता.

पाच वाजता वारा सुटला. माझ्या पत्र्याखाली शिरून मला उडवू लागला. "बसा याच्यावर!" विनायकराव ओरडले, आणि बसल्यासुद्धा सगळ्या. मधोमध माशीमा, मांडी घालून, मांडीवर आमसत्ताचं ताट. अशी माणसं अंगावर घेण्याचं भाग्य कुठल्या छपराला मिळालं असेल?

काळं आभाळ उत्तरेच्या अंगानं गडगडत सरकत होतं. सूर्य त्याच्या कडेशी, पिवळा, स्वच्छ.

"पाच एकोणचाळीस," रघुनाथरावांनी पुकारलं. "चाळीस."

दाणा कडेला टेकला. खट्. अर्धा बाहेर. खट्. मग सूर्याची कड पुन्हा गोल झाली, सलग, कुठेही खोच नाही. खट्. चोविसावा.

"गेला," बाई म्हणाल्या. मग एकदम मोठ्यानं, "अहो, गेला! पुरा गेला!" आणि त्या रडल्या आणि हसल्या, आणि खालच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं गच्चीनं टाळ्या वाजवल्या. वादळ तसंच बाजूनं निघून गेलं. त्याच संध्याकाळी न्हाणीघरातून ओल्या निगेटिव्हच्या दोन पट्ट्या घेऊन बाई बाहेर आल्या. चोवीसच्या चोवीस स्वच्छ. शिरण्यापासून निघण्यापर्यंत.

आज अकरा मे. मी अजून उत्तरेला उघडा पडलोय. विनायकरावांचे मिस्त्री माझे नटबोल्ट सोडवताहेत आणि मला गंजाची जरा लाज वाटतेय. निरोप घेण्याआधी तुम्हाला एकच विनंती. गच्चीवर असं काही बांधाल तेव्हा एकदा सकाळी उभे राहून बघा आणि एकदा संध्याकाळीही. आणि ज्याच्या सकाळच्या उन्हासाठी तुम्ही जागा सोडता, त्याच्याशी भांडू नका, तोच पुढे उपयोगी पडतो.

मघाशी हमालांनी विचारलं, वॅगनमध्ये जागा कमी आहे, काय काय चढवायचं. रघुनाथरावांनी बाईंकडे बघितलं.

"पलंग राहू द्या," बाई म्हणाल्या. माझ्या एकेका पत्र्यावर त्या खडूनं आकडे घालत होत्या, म्हणजे नागपूरला पोचल्यावर जोडताना चुकायला नको. "जमिनीवर झोपू. छप्पर आधी चढवा."

रघुनाथराव हमालांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? छप्पर आधी."