शेऱ्याचा रकाना

पेट्रोनेलाने न्यायालयात दुभाषी म्हणून चौदा वर्षं काढली, पण स्वतःच्या पदरचा एक शब्द कधी कुणाच्या तोंडी घातला नाही. साक्षीदाराने शिवी हासडली की ती शिवीचं भाषांतर करी. आरोपी थापा मारू लागला की त्या थापा तितक्याच इमानाने डोंगरातल्या डुसुन भाषेतून न्यायालयाच्या मलय भाषेत आणी. दुभाष्याने जीभ वापरायची, डोकं घरी ठेवायचं, असं पहिल्या दिवशी तिला कुणीतरी बजावलं होतं. एकदा बजावलेलं जन्मभर पाळत बसणाऱ्या माणसांपैकी ती एक होती.

त्या बुधवारी मात्र ते तिला जड जाणार होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात अकी गिम्बांग उभे होते.

अकी म्हणजे आजोबा. बहात्तर वर्षांचे, तिच्याच गावचे मुखिया. रविवारच्या बाजारात आलं विकत घेणारा एक व्यापारी एका म्हातारीला काट्यावर सरळसरळ फसवत होता. अकींनी दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा त्याच्याच तराजूची दांडी उचलून त्याच्या मनगटावर ठेवून दिली. हाड मोडलं. पोलिसांपुढे त्यांनी गुन्हा तिथल्या तिथे कबूल केला. वकील नको म्हणाले. मारलं ते सगळ्या बाजाराने पाहिलं, त्यात वकील आणखी काय दाखवणार, असं त्यांचं म्हणणं.

प्रश्न फक्त शिक्षेचा होता, आणि खरा जीव तिथेच अडकला होता. अकींची बायको, ओडू मायांग, म्हणजे मायांग आजी, हिची मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा अकी तिला जुन्या पिकअपमध्ये बसवून दीड तासावरच्या इस्पितळात डायलिसिसला नेत. मूलबाळ नाही. गाडी चालवणारी गावातली माणसं कामाधंद्याला शहरात. अकी आत गेले तर ओडूचं काय होईल हे कुणी बोलत नव्हतं, पण मागच्या बाकावर बसलेल्या गावकऱ्यांच्या तोंडांवर ते लिहिलेलं होतं.

शिक्षा सुचवायला गेल्या वर्षापासून मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर एक यंत्र आलं होतं. कचेरीत सगळे त्याला ‘शहाणा’ म्हणत. गुन्हा, वय, आधीच्या शिक्षा असं सगळं चाळून तो सांगे की अशा माणसाला साधारण इतकं द्यावं. शेवटचा शब्द मॅजिस्ट्रेटचाच. पण शहाण्याच्या विरुद्ध जायचं तर कारणं लेखी द्यावी लागत, आणि मॅजिस्ट्रेट पुआन हाझिका, म्हणजे हाझिकाबाई, यांना समुद्रापलीकडच्या द्वीपकल्पावरून इथे बोर्निओत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. बाई सरळ होत्या, पण नवख्या. डोंगरातल्या माणसांचं काय खरं आणि काय सोंग, हे त्यांना अजून उमगत नव्हतं.

शहाण्याने तीन महिने तुरुंग सुचवला. कारण असं की, आरोपीला गावपंचांच्या न्यायालयाने आधी सात वेळा दंड केलेला आहे. माणूस सराईत दिसतो.

“सात वेळा सोगित भरलंय तुम्ही. खरं आहे?” पुआन हाझिकांनी विचारलं.

पेट्रोनेलाने भाषांतर केलं. अकींनी जरा आठवून पाहिलं. “दिलंय की. सातच का? मला वाटलं जास्त असतील.”

तिने तेही जसंच्या तसं सांगितलं. पुआनच्या भुवया वर गेल्या, आणि पेट्रोनेलाला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

गावात कुणी वावगं वागलं की गाव तापतं. मग कोंबडा, डुक्कर असं काहीतरी देऊन ते निववायचं, त्याला सोगित म्हणायचं. ज्याने केलं त्याच्या घरच्यांनी ते द्यावं. पण ज्याला घरचं कुणी नाही, किंवा घरात कोंबडाही नाही, त्याच्यासाठी मुखिया आपल्या खुराड्यातून देतो. अकींनी असं सात वेळा दिलं होतं, सातही वेळा दुसऱ्यांसाठी. आणि एकदा निवलं की त्याचा पुन्हा उच्चार करायचा नाही. नाव घेतलं की गाव परत तापतं.

म्हणूनच, कशासाठी दिलं असं पुआननी विचारलं तेव्हा अकी म्हणाले, “ते निवलंय.” पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुआनचा आवाज चढला.

“निवलेलं मी उकरत नाही, पुआन,” अकी शांतपणे म्हणाले. “तुरुंगात जा म्हणालात तर जाईन. फक्त उद्या नको. उद्या बायकोला इस्पितळात न्यायचंय.”

पेट्रोनेलाने शेवटचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. पुआन काहीतरी लिहायला लागल्या. त्यांचा गैरसमज कशामुळे झाला होता हे त्या खोलीत एकट्या पेट्रोनेलाला माहीत होतं, कारण ती चूक तिचीच होती.

दोन वर्षांपूर्वी गावपंचांच्या जुन्या वह्या संगणकावर चढवायचं काम तिच्याकडे आलं होतं. वहीत सोगित कुणी दिलं आणि कुणासाठी दिलं, दोन्ही लिहिलेलं असे. संगणकावर दोन रकाने होते, एक नावाचा आणि एक शेऱ्याचा. ती देणाऱ्याचं नाव पहिल्यात घाली आणि ‘कुणासाठी’ ते शेऱ्यात. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग तेव्हा दहा वर्षं जुनं झालेलं एक पान उघडलं. देणारे, गिम्बांग. कुणासाठी, पेट्रोनेला माजुइल, लग्नाआधी गरोदर.

वडील तेव्हा वारले होते, आई अंथरुणाला खिळलेली, आणि पोटातल्या पोरीचा बाप तोंड लपवून बोर्निओच्या दुसऱ्या टोकाला पळालेला. सोगितचं डुक्कर अकींनी आपल्या घरून आणलं होतं. आता हे सगळं कचेरीतला कुणीही बटण दाबून वाचणार होता. पेट्रोनेलाने आजूबाजूला पाहिलं आणि तो शेरा कोरा सोडला. एकच ओळ कोरी दिसली असती म्हणून मग तिने मागचे-पुढचे सगळेच शेरे पुसून टाकले. यात कुणाचं काय जाणार, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता शहाण्याला नुसती देणाऱ्याची नावं दिसत होती, आणि दंड त्यांनाच झाला असं तो धरत होता.

पुआनची लेखणी चालत होती. पेट्रोनेला उठून उभी राहिली.

“पुआन, हे भाषांतर नाही. मला स्वतःला बोलायचंय.”

टंकलेखक मान वर करून बघू लागला. पुआन हाझिका थांबल्या. दुभाष्याला तसा अधिकार नाही, असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

“ती यादी मी संगणकात घातली, आणि चुकीची घातली. त्यातली चौथी नोंद माझी आहे. लग्नाआधी मला दिवस गेले होते. अकींनी माझ्यासाठी दिलं. माझं नाव दिसू नये म्हणून मी सगळ्यांचे शेरे पुसले. बाकीची सहा कुणाची ते मी सांगणार नाही, ते माझं नाही. पण कागदाची वही खालच्या कपाटात आहे. पुआननी ती मनात वाचावी.”

पिंजऱ्यातून अकी डुसुनमध्ये खेकसले. पुआननी विचारलं, आरोपी काय म्हणतात? पेट्रोनेलाची सवय काही सुटली नव्हती. “आरोपी म्हणतात, गप्प बस पोरी, ते निवलंय.” मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं न्यायालयच हसलं. सरकारतर्फे उभे असलेले इन्स्पेक्टरसुद्धा मिशीवर हात ठेवून खाली बघू लागले.

वही आली. पुआननी सात पानं एकेक करून वाचली, ओठही न हलवता. एका पानावर त्या जास्त वेळ थांबल्या. मग वही मिटून त्यांनी इन्स्पेक्टरना विचारलं, सरकारची काही हरकत? हरकत नव्हती. व्यापाऱ्याची सर्वांसमक्ष माफी मागायची आणि वर्षभर नीट वागायचं, एवढ्या हमीवर अकींना सोडण्यात आलं. शहाण्याचं का ऐकलं नाही याची कारणं पुआननी तिथेच, दीड पान भरून लिहिली.

पेट्रोनेलाने निकाल डुसुनमध्ये सांगितला आणि सांगता सांगताच तिचा जीव भांड्यात पडला.

नोकरी गेली असंच ती धरून चालली होती. पुआननी तिला आत बोलावून ताकीद दिली, ती कागदावर चढवली आणि म्हणाल्या, वह्यांमधल्या सगळ्या नोंदी तूच दुरुस्त करायच्या. तोवर गावपंचांची यादी शहाण्याला दाखवायची नाही. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, मुलगी कितवीत आहे. पेट्रोनेला म्हणाली, पाचवीत.

बाहेर पिकअपपाशी अकी तिची वाट पाहत होते. चेहरा आंबट. तिने आधीच सांगून टाकलं, माझ्यामुळे गाव पुन्हा तापलं असेल तर या खेपेला कोंबडा मी देते.

“कशाला? तापायला काय झालं?” अकी म्हणाले. “दुसऱ्याने काढलं तर तापतं. तुझं तू बोललीस.”

मग ते तसेच उभे राहिले. गाडीची किल्ली उगाच या हातातून त्या हातात करत राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

“आता तूच उघड केलंस म्हणून बोलतो,” ते शेवटी म्हणाले. “ते डुक्कर माझं सगळ्यांत चांगलं होतं. तसं पुन्हा झालं नाही. बारा वर्षं कुणापाशी बोलायची सोय नव्हती, पोरी.”

पेट्रोनेला आधी हसली आणि मग गाडीच्या दाराला टेकून पोटभर रडली. अकींनी तिला रडू दिलं. ती गप्प झाल्यावर त्यांनी तिला त्या डुकराबद्दल सगळं सांगितलं, अगदी ते काय खायचं इथपासून.